जन्मास घातलेल्या जिवाचे देणे

पवित्र कुरआनच्या 100व्या सूरहचा, सूरह अल-आदियातचा, प्रारंभ धापा टाकीत दौडणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होतो. टापांतून ठिणग्या उडवीत धन्याच्या एका इशाऱ्यावर शत्रूच्या गोटात झेपावणारा हा प्राणी डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि लगेच विषय मनुष्याकडे वळतो : मनुष्य आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे आणि धनाच्या मोहात बुडालेला आहे. अनेक भाष्यकारांनी या दोहोंमधील संबंध उलगडला आहे. मूठभर चंदी घालणाऱ्या धन्यासाठी मुका जीव प्राण पणाला लावतो. सर्व काही देणाऱ्या पालनकर्त्याला मात्र मनुष्य विसरतो. आज घोड्यांच्या पैदाशीच्या धंद्याकडे पाहिले, तर ही कृतघ्नता त्या मुक्या जिवापर्यंतही पोहोचलेली दिसते.

‘फर्डिनांड’ नावाच्या घोड्याने 1986 साली अमेरिकेतील केंटकी डर्बी ही सर्वांत मानाची शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी तो तेथील वर्षातील सर्वोत्तम घोडा ठरला. नंतर पैदाशीसाठी त्याला जपानमध्ये विकण्यात आले. तेथे त्याच्या शिंगरांना मागणी उरली नाही, आणि त्याचा शेवट कत्तलखान्यात झाल्याचे 2003 साली उघडकीस आले. ज्याच्या नावाचा लाखो लोकांनी जयघोष केला, त्याची ही गत! मग ज्यांना कधी नावच मिळाले नाही, त्यांचे काय?

या धंद्याचे गणितच असे आहे की, थोडे घोडे जिंकावेत म्हणून पुष्कळ जन्माला घालायचे. फर्डिनांडने डर्बी जिंकली त्याच वर्षी उत्तर अमेरिकेत शर्यतीच्या जातीची 50,000हून अधिक शिंगरे जन्मली. घोड्याचे आयुष्य 25 ते 30 वर्षांचे. शर्यतीतील त्याची उमेद बहुधा काही वर्षांतच संपते. ज्याचा पाय अधू निघाला, ज्याला वेग नाही, त्याची उरलेली वीस वर्षे कोणाच्या हिशेबात असतात? आयर्लंडमध्ये भरभराटीच्या काळात पैदास बेसुमार वाढली. 2008च्या मंदीत खरेदीदार नाहीसे झाले, तेव्हा अनेक घोडे चारापाण्याविना माळावर सोडून दिले गेले.

याहून करुण कहाणी दाई घोडीच्या शिंगराची आहे. उंची वंशावळीची घोडी व्याल्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा गाभण राहावी म्हणून तिला दूरच्या स्टडफार्मवर नेतात; कधी ती मरते, तर कधी पिलाला जवळ घेत नाही. अशा वेळी तिच्या मौल्यवान शिंगराला पाजण्यासाठी दुसरी घोडी भाड्याने आणली जाते. पण व्याल्यावाचून घोडीला दूध येत नाही. म्हणजे या दाईलाही शिंगरू झालेले असते, आणि ते तिच्यापासून तोडले जाते. घोड्याच्या पिलाला रोगप्रतिकारशक्ती आईच्या पोटात मिळत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत प्यायलेल्या चिकातूनच ती मिळते. मातेपासून तोडलेल्या शिंगराची कोणी मनापासून निगा राखली नाही, तर त्याचे जगणे कठीण होते. ‘शिंगरू मेले हेलपाट्याने’ असे आपण म्हणतो. या शिंगराच्या नशिबी आईमागचे हेलपाटेही नसतात.

एका प्रवासात सोबत्यांनी पक्षिणीची दोन पिले उचलली आणि ती व्याकूळ होऊन घिरट्या घालू लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी, हिच्या पिलांवरून हिला कोणी दुःख दिले, असे विचारून पिले परत ठेवण्याचा आदेश दिला. सुनन अबू दाऊदमधील ही घटना त्या दाई घोडीचीच वकिली करते.

इस्लामला घोडा आणि घोड्यांची शर्यत वर्ज्य आहे, असे मुळीच नाही. स्वतः प्रेषित (स.) यांनी मदीनेत शर्यती लावल्या. कसलेल्या घोड्यांसाठी लांबचे आणि न कसलेल्यांसाठी जवळचे अंतर त्यांनी ठरवून दिले. जनावराच्या कुवतीची ही जाण लक्षात घेण्याजोगी आहे. निषिद्ध आहे तो जुगार, आणि निषिद्ध आहे तो जुलूम. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसनुसार घोडा कोणासाठी पुण्य असतो, कोणासाठी आडोसा, तर कोणासाठी पापाचे ओझे. उपजीविकेसाठी घोडा पाळणाऱ्याला तो आडोसा ठरतो. पण अट अशी की, त्या घोड्याच्या मानेवर व पाठीवर असलेला अल्लाहचा हक्क त्याने विसरू नये. मिरवण्यासाठी पाळणाऱ्याला तोच घोडा ओझे होतो.

येथे एक युक्तिवाद केला जातो : ‘आम्ही पैदास केली नसती, तर हे शिंगरू जन्मालाच आले नसते. थोडे का होईना, आयुष्य तर मिळाले!’ वरवर पाहता हे पटण्याजोगे वाटते. परंतु जीवन देणारा अल्लाह आहे. पैदास करणारा केवळ निमित्त. जे आपण दिलेच नाही, त्याच्या उपकाराचा दावा कसा करावा? उलट आपल्या इच्छेने व आपल्या लाभासाठी जो जीव जन्मास घातला, त्याची जबाबदारी आपणच ओढवून घेतली. अपत्याला जन्म दिला म्हणून त्याला उपाशी ठेवण्याचा अधिकार पित्याला मिळत नाही. जनावराच्या धन्याला तो कोठून मिळणार?

दुसरे म्हणतात, ‘निरुपयोगी जनावर पोसणे परवडत नाही.’ तेराव्या शतकातील थोर विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (र.) यांनी जनावरांचे हक्क नोंदवताना स्पष्ट केले आहे की, जनावर म्हातारे वा आजारी होऊन त्याचा काही उपयोग उरला नाही, तरीही त्याचा खर्च मालकावर बंधनकारक आहे. पोसणे खरोखरच अशक्य झाले, तर सांभाळ करील अशा हाती त्याला सोपवावे. परवडण्याचा प्रश्न पैदाशीपूर्वी विचारायचा असतो, पिलू जन्मल्यावर नव्हे. मार्गही आहेत : न व्यालेल्या घोडीला औषधोपचाराने दूध आणता येते, आणि पैदास मर्यादित ठेवता येते. उणीव आहे ती इच्छेची.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात घोडा असेल. पण सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणणारा असो, फ्लॅटमध्ये पर्शियन मांजरीची वर्षातून दोनदा वीण काढून पिले विकणारा असो, की कुर्बानीसाठी बोकड वाढवणारा असो, प्रश्न एकच आहे. जे पिलू विकले गेले नाही, जे अधू निघाले, त्याच्याशी आपण कसे वागतो? मांजरीला उपाशी कोंडणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीस आपण मुलांना नेहमी सांगतो. तिच्यात आपलाही चेहरा दिसतो का, हे कधी तरी पाहावे.

मुक्या जिवाला या जगात न्यायालयाची पायरी चढता येत नाही. परंतु ज्या न्यायालयात साक्षीपुराव्याची गरज नाही, तेथे त्याची फिर्याद आधीच पोहोचलेली असते. अल्लाह आपल्याला आपल्या ताब्यातील प्रत्येक जिवाची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.