दिले किती, पोहोचले किती

आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा केनियात सात वाजलेले असतात आणि मुले शाळेच्या वाटेला लागलेली असतात. त्या देशाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सीमेला लागून बुसिया नावाचा भाग आहे. व्हिक्टोरिया सरोवर जवळ, जमिनीचे तुकडे लहान, घरे मक्याच्या शेतीवर चालणारी. तीस वर्षांपूर्वी तिथल्या शाळांत पाठ्यपुस्तके फारच थोडी होती. मास्तर फळ्यावर लिहीत आणि मुले उतरवून घेत. अशा शाळांना काय द्यावे, असे कोणालाही विचारले असते तर उत्तर एकच आले असते: पुस्तके द्या.

१९९६ साली एका स्वयंसेवी संस्थेने तेच केले. मदतीची गरज असलेल्या १०० शाळांची यादी होती. सगळ्यांना एकदम पुस्तके पुरवणे शक्य नव्हते, म्हणून पहिल्या वर्षी २५ शाळांना दिली. त्या २५ कोणत्या, हे कोणाच्या ओळखीवर किंवा पसंतीवर ठेवले नाही. त्यामुळे पुस्तके मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची सरळ तुलना करता येणार होती. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. परीक्षेचे सरासरी गुण वाढलेच नव्हते. जी मुले आधीपासून वर्गात पुढे होती त्यांना पुस्तकांचा उपयोग झाला. बाकीची होती तिथेच राहिली.

कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. पुस्तके इंग्रजीत होती. या मुलांची घरची भाषा लुह्या किंवा तेसो, त्यानंतर स्वाहिली, आणि इंग्रजी तिसरी. अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शिकलेल्या घरातले मूल होते. बुसियातल्या मुलांच्या हातात पुस्तक आले, पण त्यातले वाक्य बहुतेकांच्या डोक्यात शिरले नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे किंवा भामरागडला माडिया बोलणारे मूल प्रमाण मराठीतले पुस्तक समोर घेऊन बसते, तेव्हा त्याची काय गत होते हे तिथल्या शिक्षकांना चांगले ठाऊक आहे.

पाऊस किती पडला हे पर्जन्यमापकात दिसते. जमिनीत किती मुरला हे उन्हाळ्यात विहिरीत डोकावल्यावर कळते. गरीब देशांतल्या कामांचे हिशेब आपण बहुधा पर्जन्यमापकाने करतो. किती पुस्तके वाटली, किती खोल्या बांधल्या, किती प्रशिक्षणे झाली, किती निधी खर्ची पडला. हे आकडे खोटे नसतात, पण ते देणाऱ्याच्या बाजूचे असतात. घेणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहणे आणि त्याच्यापर्यंत काय पोहोचले ते चिकाटीने पाहणे, हे सामाजिक संशोधनाचे खरे काम आहे, असे मला मनापासून वाटते.

हे काम अवघड आहे, कारण ते मनालाही जड जाते. देण्याचे समाधान देताक्षणीच पुरे होते. एखाद्या कार्यकर्त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घातलेली असतात, एखाद्या देणगीदाराने विश्वासाने पैसे दिलेले असतात. ते पोहोचले नाही असे कोणी सांगू लागले, तर ऐकणाऱ्याला ती कृतघ्नता वाटते. पण बुसियात पुस्तकांचा अपेक्षित उपयोग झाला नाही हे कबूल केल्यामुळेच पुढचा शोध चालू राहिला.

त्या शोधात मुलांच्या पोटातले जंत सापडले. बुसियातल्या मुलांची तपासणी झाली तेव्हा शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांना कोणत्या ना कोणत्या कृमीची लागण होती. उघड्यावर शौच, त्या मातीत अनवाणी फिरणारे पाय, सरोवराच्या पाण्यात अंघोळ: रोग येत होता तो परिसरातून. त्यापायी मूल फिकट पडे, थके आणि शाळा चुकवी. १९९८ पासून ७५ शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने जंतांची औषधे देण्यात आली. एडवर्ड मिगेल आणि क्रेमर यांनी २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली होती.

इथे एक नवल दिसले. पुस्तके दिली तितकी पोहोचली नव्हती. औषध मात्र दिले त्याहून पुढे पोहोचले. ज्या मुलांनी गोळी घेतलीच नव्हती, त्यांच्यातही लागण कमी झाली, कारण गोळी घेतलेल्या मुलांमुळे माती आणि पाणी पूर्वीइतके दूषित होत नव्हते. एका मुलाच्या पोटातला आजार गेला की शेजारच्या मुलाचे अंगण थोडे स्वच्छ होते. फक्त गोळी घेतलेली मुलेच मोजली असती, तर हा लाभ हिशेबातून निसटलाच असता.

त्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली. लोकांनी थोडे तरी पैसे द्यावेत, म्हणजे त्यांना किंमत राहील, असे आपण किती सहज म्हणतो! बुसियात काही शाळांमध्ये औषधासाठी अगदी किरकोळ रक्कम लावून पाहिली. जिथे औषध मोफत होते तिथे शंभरातली सुमारे ७५ मुले ते घेत होती. जिथे पैसे लावले तिथे १८च. ज्या घरात रोजचा खर्च हातातोंडाशी बांधलेला असतो, तिथे न दिसणाऱ्या आजारासाठी थोडे पैसेही मागे पडतात. आईबापांना मुलाची किंमत नसते म्हणून हे घडत नाही. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत ही गोळी मोफत दिली जाते. त्या निर्णयामागे अशा अभ्यासांचेही बळ आहे.

हे संशोधन वादातीत नाही, आणि ती त्याची उणीव मानू नये. औषधाने हजेरी वाढली तरी परीक्षेचे गुण वाढल्याचे दिसले नव्हते, हे संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवले. पुढे त्यांनी आपली मूळ माहिती इतरांच्या हाती दिली. २०१५ साली दुसऱ्या संशोधकांनी सगळे गणित पुन्हा मांडले, दूरच्या शाळांना झालेल्या लाभाच्या हिशेबात चुका दाखवल्या आणि मोठी चर्चा झाली. मूळ संशोधक मात्र त्याच मुलांच्या मागावर राहिले. २०२१ साली त्यांनी वीस वर्षांनंतरची स्थिती मांडली. लहानपणी दोन-तीन वर्षे अधिक औषध मिळालेल्यांची दर तासाची कमाई, ज्यांना ते उशिरा मिळाले त्यांच्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी जास्त होती. पर्यावरण, शिक्षण आणि अर्थकारण अशी खाती आपण कागदावर वेगळी करतो. मुलाच्या आयुष्यात ती एकाच धाग्यात ओवलेली असतात.

क्रेमर यांच्याबरोबर २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डफ्लो यांना मिळाले. अभिजित यांचा जन्म मुंबईचा. त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी पूर्वाश्रमीच्या पाटणकर, मराठी घरातल्या, स्वतः नावाजलेल्या अर्थतज्ज्ञ. कोलकात्यातल्या असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या स्त्रियांच्या कामाचा त्यांनी अभ्यास केला. अभिजित आणि डफ्लो यांचा एक महत्त्वाचा अभ्यास मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांमध्ये झाला. ‘प्रथम’ ही संस्था तिथे बालसखी नावाचा उपक्रम चालवत होती. तिसरी-चौथीत पोहोचूनही अक्षरे आणि आकडे न येणारी मुले वर्गात गप्प बसलेली असत. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी अशा पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसे. ती वरचा अभ्यासक्रम बाजूला ठेवी आणि मुलाला जे येते तिथून सुरुवात करी.

मुलांची प्रगती झाली, आणि सर्वात मागे असलेल्यांची सर्वात जास्त झाली. ही मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, तरी तिथे उरलेल्या मुलांना त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे गुण केवळ लहान वर्गाचा नव्हता. मुलाच्या पायरीवर उतरून शिकवण्याचा होता. बालसखीकडे बी.एड.ची पदवी नव्हती. तिचा पगार महिना काही शे रुपये होता, आणि तो तिच्या श्रमांच्या मानाने फारच कमी होता असे मला वाटते. पण शिकवायला बसण्यापूर्वी मुलाला काय येते हे ती पाहत होती.

हाच प्रश्न २००५ पासून ‘असर’ या सर्वेक्षणाने देशभर नेला. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. स्वयंसेवक गावात जातात, घरी बसतात आणि मुलाला वाचायला सांगतात. २०२४ च्या पाहणीत ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतल्या जवळजवळ १८ हजार गावांतली साडेसहा लाख मुले होती. सहा ते चौदा वयाची ९८ टक्के मुले शाळेच्या पटावर आढळली. पाचवीतली जेमतेम निम्मी मुले दुसरीची गोष्ट वाचू शकली. पहिला आकडा आपण दिलेल्या शाळेचा आहे आणि तो खरोखर अभिमानाचा आहे. दुसरा आकडा पोहोचलेल्या शिक्षणाचा आहे. देशाने दोन्ही आकडे एका नजरेत धरायला हवेत.

ही पद्धत भारतातून पाकिस्तानात गेली, आणि २००९ मध्ये ‘उवेझो’ या नावाने केनिया, टांझानिया आणि युगांडात सुरू झाली. गरीब म्हटल्या गेलेल्या देशांनी एकमेकांकडून शिकावे, हे मला फार मोलाचे वाटते. त्याहून मोलाची वाटते ती तिची जागा. ही तपासणी घरात होते. शेजारी आई उभी असते, आजोबा ऐकत असतात. लेकराला काय वाचता येते आणि कुठे अडते हे त्यांना त्याच क्षणी कळते. एरवी पाहणी करणारा येतो, घरातल्या धान्याची आणि डोक्यावरच्या कर्जाची चौकशी करतो, कागद भरून नेतो आणि पुन्हा दिसत नाही. कोणाच्या तरी दारिद्र्याची नोंद घेऊन आपण पुढे जातो, तेव्हा त्या घराचे काही देणे लागतो. निष्कर्ष त्यांच्यापर्यंत, त्यांच्या भाषेत पोहोचवणे हे त्यातले पहिले देणे.

सगळे इतके सोपेही नाही. बालसखीची रीत सरकारी शाळांत रुजवायचे प्रयत्न बिहार, उत्तराखंड, हरियाणा, उत्तर प्रदेश अशा राज्यांत झाले. उत्तराखंडात शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य मिळूनही फरक पडला नाही, कारण शाळेचा वेळ पुन्हा अभ्यासक्रम संपवण्यातच गेला. हरियाणात त्यासाठी रोजचा वेगळा तास ठरवला आणि अधिकाऱ्यांनी त्यावर लक्ष ठेवले, तिथे मुले पुढे सरकली. एका ठिकाणी जे लागू पडले ते दुसरीकडे जसेच्या तसे लागू पडत नाही, असा इशारा अँगस डीटन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ देत आले आहेत. तो ऐकायलाच हवा. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि निर्णय कोण घेतो, असे मोठे प्रश्न अशा प्रयोगांत सहसा मावत नाहीत, हेही खरे. म्हणून काय पोहोचले, हे प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेत पुन्हा विचारावेच लागते.

आणि ते विचारायला नोबेल लागत नाही. आपल्या गावात ग्रामसभा भरते, शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक होते. तिथे खर्चाचा कागद वाचला जाईल, तेव्हा शांतपणे विचारता येईल: तिसरीतल्या किती मुलांना एक परिच्छेद वाचता येतो? नळ योजना झाली, पण मे महिन्यात कोणत्या आळीत पाणी येते? अर्ज भरले गेले, पण पैसे कोणत्या घरात आले आणि कोणाचे कागदावाचून अडले? हे विचारताना आवाजात आरोप नको. शिक्षक, ग्रामसेवक आणि अंगणवाडीताई यांनाही हे उत्तर हवे असते. बहुतेक वेळा त्यांना ते कोणी विचारलेलेच नसते.

विकास हा मोठा शब्द आहे आणि त्याचे आकडेही मोठे असतात. त्याची कसोटी मात्र रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे जाऊनच होते. त्याच्यापर्यंत पोहोचले नसेल, तर दिले होते एवढ्यावर कोणी समाधान मानू नये. त्याच्यापर्यंत जाऊन विचारावे, तो सांगेल ते खरे मानून लिहून घ्यावे, आणि आपण आखलेली योजना त्यापुढे बदलायची तयारी ठेवावी. एवढी तयारी ज्या गावात असेल, तिथल्या मुलाला पाचवीत गेल्यावर दुसरीची गोष्ट वाचता येईल, आणि ती त्याला खरोखर येते हे गावालाही ठाऊक असेल.