रक्षणाचें मोल

स्वतःच्या रक्षणाचा भार ज्या राज्यास उचलवत नाहीं, किंवा उचलावासा वाटत नाहीं, त्यानें तो दुसऱ्यावर टाकला तर त्याचें काय जातें? जमाखर्चाच्या वहींत पाहिलें तर कांहींच जात नाहीं. उलट बचतच दिसते. सैन्य दुसऱ्याचें, जोखीम दुसऱ्याची, आणि वांचलेला पैसा शाळा, दवाखाने, पाटबंधारे यांकडे लावावयास मोकळा. हा युक्तिवाद सर्वस्वीं पोकळ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. १९९१ सालीं सोव्हिएत संघ लयास गेल्यावर पश्चिम युरोपांतील राष्ट्रांनीं आपला लष्करी खर्च बराच उतरविला. अमेरिकेच्या छत्राचा भरंवसा होताच. आपल्या नागरिकांस तीं जें शिक्षण, जी शुश्रूषा आणि वार्धक्यांत जी निश्चिंतता देतात, तिचा हेवा कोणासही वाटावा. परंतु २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर चढाई केली, आणि बंद करून ठेवलेली ही वही पुन्हां उघडणें भाग पडलें.

आम्हां महाराष्ट्रीयांस ही वही अपरिचित नसावी. वसईच्या तहाचें नांव शाळेंत सर्वांनींच ऐकलेलें असतें. पण त्याचीं कलमें हिशेबाच्या दृष्टीनें क्वचितच वाचलीं जातात. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पेशव्यांचा व शिंद्यांचा पराभव केला, बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि ३१ डिसेंबर रोजीं वसईस तह झाला. निदान सहा हजार कवायती पायदळ, तोफखान्यासह, कंपनीनें पेशव्यांच्या राज्यांत कायमचें ठेवावयाचें, आणि या तैनाती फौजेच्या खर्चासाठीं पेशव्यांनीं सालिना २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा. येथवर व्यवहार सरळ दिसतो. खरी मेख इतर कलमांत आहे. इंग्रजांच्या विचारावांचून दुसऱ्या कोणाशींही बोलणें लावावयाचें नाहीं. निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानावयाचा. पहारेकरी ठेवला, आणि घरांत कोणीं यावें हें ठरविण्याचा अधिकारही त्यालाच देऊन टाकला! १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीस पेशव्यांच्या फौजेस याच रक्षणकर्त्यांशीं लढावें लागलें. पुढल्या वर्षीं, २६ लक्षांचा मुलूख देणारे बाजीराव ८ लक्षांचे तनखेदार होऊन ब्रह्मावर्तास गेले.

यावर कोणी म्हणेल कीं, मग खर्च वाढवा म्हणजे झालें. त्यानें शिंद्यांकडे पाहावें. महादजींनीं द बॉयनच्या हातून कवायती पलटणी उभ्या करविल्या. आग्र्यास तोफा ओतल्या जात. दुआबांतील मुलुखाचें उत्पन्न खास या कामीं लावून दिलें होतें. पैशाची कसूर नव्हती. पण पलटणींचे वरचे अंमलदार युरोपीय होते. १८०३ सालीं युद्ध जुंपतांच द बॉयनचा उत्तराधिकारी पेरॉन हा दौलतरावांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला, व इतरही कित्येकांनीं तोच मार्ग धरिला. लासवारीस त्या पलटणींतील हिंदी शिपाई असे लढले कीं खुद्द लेकनें त्यांची वाखाणणी केली. परंतु डाव तोंवर हातचा गेला होता. म्हणजे खर्च टाळणारे बुडाले तसे सढळ हातानें करणारेही बुडाले. दोघांच्याही सैन्याला हुकूम देणारा माणूस परका होता.

२०२५ च्या जूनमध्यें हेग येथें नाटोच्या राष्ट्रांनीं राष्ट्रीय उत्पन्नाचा ५ टक्के भाग २०३५ पर्यंत संरक्षणावर व तत्संबंधीं कामांवर खर्चण्याचें ठरविलें. त्यांतील साडेतीन टक्के निव्वळ लष्करी खर्च. आंकडा मोठा आहे, पण आंकड्यावरून शिंद्यांची आठवण होते. आजचें लढाऊ विमान विकत घेतलें तरी त्याचे सुटे भाग, त्याची दुरुस्ती व त्यांतील यांत्रिक बुद्धि यांसाठीं विकणाऱ्याचें तोंड पाहावें लागतें. त्याच वर्षीं मार्चमध्यें अमेरिकेनें युक्रेनचा शस्त्रपुरवठा व गुप्त वार्तांचा ओघ कांहीं दिवस बंद ठेवला. आपल्याकडेही १९६५ च्या युद्धांत अमेरिकेनें हिंदुस्थान व पाकिस्तान या दोघांचाही पुरवठा थांबविलाच होता.

कोस्टा रिकाचा दाखला येथें दिला जातो. त्या लहानशा देशानें १९४८ सालीं सैन्यच मोडून टाकलें, आणि तो आजही स्वतंत्र आहे. दाखला सुंदर आहे, खोटाही नाहीं. पण १९५५ सालीं निकाराग्वाच्या बाजूनें स्वारी झाली तेव्हां अमेरिकन राष्ट्रांची संघटना मध्यें पडली आणि अमेरिकेनें नाममात्र किमतीस विमानें दिलीं, हें सांगावयाचें बहुधा राहून जातें.

पण या सर्व चर्चेंत राज्यकर्त्यांचाच विचार होतो. वसईस तोडून दिलेल्या मुलुखांत माणसें राहत होतीं. रक्षणाचें मोल म्हणून त्यांचीच अदलाबदल झाली, आणि त्यांस कोणीं विचारलें नाहीं. आमच्या मतें त्या तहांतील नैतिक अपराध हा आहे. बाजीरावांचा भित्रेपणा त्यापुढें लहान. गरिबाच्या घासांतून सैन्यासाठीं वांटा मागण्याचा हक्क सरकारास आहे, पण तो त्याला खरी किंमत सांगून मागितला पाहिजे. दुसऱ्याच्या छत्राखालीं स्वस्त राहणारें सरकार ही किंमत लपवितें. धाक घालून आंकडे फुगविणारें सरकारही ती लपवितेंच.

या कसोटीस आजचीं सुसंस्कृत राष्ट्रेंही पुरतीं उतरत नाहींत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यापलीकडील संरक्षणखर्चास कर्जाची मर्यादा लागू राहूं नये, अशी दुरुस्ती जर्मनीनें २०२५ सालीं आपल्या मूलभूत कायद्यांत केली. निवडणूक २३ फेब्रुवारीसच होऊन गेली होती; पण नव्या सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत जमणें कठीण, म्हणून १८ मार्चला जुन्याच सभागृहानें मतदान उरकून घेतलें. नवें सभागृह त्यानंतर आठवड्यानें भरलें. न्यायालयानें हें अडविलें नाहीं, आणि प्रसंग निकडीचा होता हेंही खरें. तें कर्ज जीं फेडतील तीं मुलें आज शाळेंत आहेत. बाजीरावांच्या रयतेहून त्यांची स्थिति पुष्कळच बरी. चार वर्षांनीं त्यांच्या आईबापांस पुन्हां मत देतां येईल.