आमाशयाची कल्हई

सज्जनहो, भिवापूर हे मिरचीचे गाव. तेथे कीर्तन आटोपून आम्ही बसलो असता एक गृहस्थ पाया पडून म्हणाला, “महाराज, पोटात आग पडते जी. तिखट सोडलं, पन आग काही जात नाही.” आम्ही विचारले, “बाबा, आणखी काय घेतोस?” तो मान खाली घालून म्हणाला, “सांजच्याला थोडीशी.” आता बोला! आळ मिरचीवर, आणि चोर निराळाच.

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की त्यातले ताक कळकते, हे आपल्या घरच्या माउल्या जाणतात. आमाशयातले अम्ल ताकाहून कितीतरी तीव्र. मग ते आमाशयालाच का जाळीत नाही? कारण आतून श्लेष्म्याचा बुळबुळीत लेप आहे. तीच देहाची कल्हई! दारू हा लेप भेदून खालच्या नाजूक अस्तराला इजा करते. मग अम्ल आत शिरते, सूज येते, चट्टे पडतात, रक्तही झिरपते. उपाशीपोटी प्याली, आणि वर अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या, तर घात अधिकच.

कोणी म्हणेल, ‘आम्हांला तर काहीच होत नाही.’ त्याने ऐकावे. अमेरिकेत 1822 साली बंदुकीचा बार लागून एका माणसाच्या पोटाला भोक पडले, ते बुजलेच नाही. बोमाँट नावाच्या डॉक्टरांनी त्यातून आमाशय प्रत्यक्ष पाहिले आणि 1833 साली ग्रंथ लिहिला. तो माणूस काही दिवस दारू प्याला की आत लाली व चट्टे दिसत. त्याला मात्र दुखतखुपत नसे! पिणे थांबले की अस्तर पुन्हा निरोगी होई.

गीतेच्या 15 व्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर होऊन अन्न मीच पचवितो. म्हणजे पोट हे त्याचे राऊळ. त्याची कृपा किती पाहा! तेथली कल्हई तो पुन्हा पुन्हा स्वतःच करतो. आपण फक्त खरवडणे थांबवावे.

त्या गृहस्थास आम्ही बुक्का लावून सांगितले, “नाम घे, पण उद्या दवाखान्यातही जा. रक्ताची उलटी झाली, किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर क्षणभरही थांबू नकोस.” रोज फार पिणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारूनच सोडावी, एकाएकी सोडल्याने झटके व भ्रम होऊ शकतो. पण सोडावी हे निश्चित. देह धड असेल तर वारी घडेल.

रामकृष्णहरी!