बेताचा प्राणवायू

एक श्वास घ्या. नेहमीसारखाच, मुद्दाम खोल नको. हवेचा साधारण एकपंचमांश भाग प्राणवायू असतो आणि तो आत्ता फुप्फुसांतून तुमच्या रक्तात उतरतो आहे. त्याच्यावाचून आपण काही मिनिटंही जगणार नाही. पण आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत हाच प्राणवायू आपल्यापर्यंत फार पोचू दिलेला नव्हता, आणि त्यामुळेच आपण तगलो. आज मन थोडा वेळ तिथं राहू द्या.

आठव्या आठवड्यातला गर्भ जेमतेम दीड सेंटीमीटरचा असतो. त्याच्याभोवती वार आकार घेत असते. वार आईची, असं आपण सहज धरून चालतो. खरं तर तिचा बहुतेक भाग गर्भाच्या पेशींचा असतो. ज्या फलित बीजातून आपण झालो त्यातूनच तीही झाली. पूर्ण दिवसांची वार अर्ध्या किलोच्या आसपास भरते, साधारण 22 सेंटीमीटर रुंद, वाटोळी आणि चपटी. गावाकडे ती मातीत पुरत. दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीतून जाते. आपल्यासाठी इतकं राबलेल्या या अवयवाचा विचार आपण कधी केलेला नसतो. आता करू.

आत, गर्भाशयाच्या भिंतीत, नागमोडी धमन्या आहेत. गर्भाकडून निघालेल्या पेशी भिंतीत शिरतात, त्या धमन्यांच्या तोंडाशी गोळा होतात आणि ती बुजवून टाकतात. आईचं रक्त तिथंच अडतं, पलीकडे थोडासा द्रव तेवढा झिरपतो. पोषण मिळतं ते गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावातून. केंब्रिजचे ग्रॅहम बर्टन आणि लंडनचे एरिक जोनियो यांनी हा काळ बारकाईनं अभ्यासला. आठव्या आठवड्यात वारेतला प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या 20 मिलीमीटरच्या आसपास असतो. बाराव्यापर्यंत तो 60 च्या जवळ जातो.

या दोन आकड्यांपाशी थांबा. घाई नाही.

पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा थोडे आक्रमक रेणू मागे उरतात. ते पेशीच्या पटलातल्या स्निग्ध पदार्थांना, प्रथिनांना, डीएनएला इजा करतात. कॅटलेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेजसारखी विकरं त्यांना आवरतात. आवरणं कमी पडलं की जी अवस्था येते ती ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. कोवळ्या वारेच्या पेशींत ही विकरं अजून फार कमी असतात. म्हणून दार बंद. आणि याच तुटवड्यात दुसरं काम चालू असतं: प्राणवायू कमी आहे हे ओळखून पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन अधिक बनवतात, आणि त्याच्या सांगण्यावरून वारेच्या अंकुरांमध्ये केशवाहिन्या फुटू लागतात. पुढे या अंकुरांचा पृष्ठभाग 10 ते 12 चौरस मीटर होतो. एका लहान खोलीएवढी जागा, अर्ध्या किलोच्या अवयवात.

मग पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीला दारं उघडतात, आधी कडेची. तिथल्या अंकुरांना प्राणवायूचा तडाखा बसतो आणि ते विरून जातात. उरतो तो गुळगुळीत पडदा. मधले अंकुर राहतात, वाढतात. वार वाटोळी होते ती अशी. ज्याला आपण इजा म्हणतो त्यानंच तिला घडवलं, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

धमन्यांच्या भिंतींतले स्नायूही याच काळात विरत जातात आणि त्यांची तोंडं नरसाळ्यासारखी रुंदावतात. कोवळ्या वाफ्याला पाणी देणारा शेतकरी पाटाचं तोंड मोकळं करतो, म्हणजे धार माती उकरत नाही. इथंही रक्त भरपूर येतं, पण संथ.

आता कठीण भाग. काही गरोदरपणांत हे रुंदावणं अर्धवट राहतं. रक्त जोरानं आणि तुटक येतं. प्राणवायू घटतो, पुन्हा चढतो, आणि या चढउतारानंच वार होरपळते. ती आईच्या रक्तात एक विद्राव्य प्रथिन सोडते, जे व्हीईजीएफला पकडून ठेवतं. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये बोस्टनमध्ये हे दाखवलं. आईच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मग आजारी पडतात, रक्तदाब चढतो, लघवीत प्रथिनं जाऊ लागतात. हाच प्रीइक्लॅम्पसिया.

इलाज सोपा वाटला होता: त्या आक्रमक रेणूंना आवरणारी क आणि ई जीवनसत्त्वं द्यावीत. 2006 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. आजार टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं अधिक जन्मली. यानं मला निराश केलं नाही, सावध केलं. जे रेणू घडवतातही, ते सरसकट पुसून कसं चालेल? पुण्यात भारती विद्यापीठातले संशोधक बी-12, फोलेट आणि ओमेगा-3 यांचं आईच्या आहारातलं प्रमाण वारेतल्या रक्तवाहिन्यांशी कसं जोडलेलं आहे, हे वर्षानुवर्षं तपासत आले आहेत. 2017 मधल्या एका चाचणीत, जास्त धोका असलेल्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांदरम्यान 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केल्यावर, 37 आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागणारा प्रीइक्लॅम्पसिया 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला. ही गोळी कुणाला द्यायची ते डॉक्टरनंच ठरवायचं.

आता मनात एखादी स्त्री आणा, जिचं बाळंतपण असं अवघड गेलं. जिन्यानं चढले म्हणून, पपई खाल्ली म्हणून, सासूशी भांडले म्हणून, असं ती स्वतःला सांगत आली असेल. हा घोटाळा सुरू होतो पहिल्या महिन्यांत, कुणाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी. तिला हे सांगा. आणि सध्या कुणी गरोदर असेल तर विचारा, गेल्या तपासणीत रक्तदाब मोजला होता का. वीस आठवड्यांनंतर तो 140/90 वर गेला, किंवा डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढे ठिपके आले, तोंड सुजलं, बरगड्यांखाली दुखलं, तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.