फ्रिजमधला दिवा आणि मालकीचा प्रश्न

फ्रिजचें दार उघडावें आणि आंतला दिवा लागूं नये, अथवा लागून लुकलुकत राहावा, ही तक्रार क्षुल्लक खरी. परंतु मालकी कशास म्हणावी, या प्रश्नाची कसोटी अशा क्षुल्लक प्रसंगींच लागते, असें आम्हांस वाटतें.

पूर्वींच्या फ्रिजमध्यें आट्यांचा लहानसा तारेचा दिवा असे. तो गेला म्हणजे घरचें कोणीही माणूस वीज बंद करून नवा दिवा फिरवून बसवी. आतां त्याच्या जागीं एलईडी आली आहे. ती वीज थोडी घेते, कमी तापते व दीर्घकाळ टिकते. ज्या निळ्या एलईडीमुळें असा पांढरा उजेड शक्य झाला, तिच्या शोधकांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें यथायोग्यच होय. मात्र पुष्कळ फ्रिजांत ही एलईडी झांकणाआड एका पट्टीवर कायमची डाख देऊन बसविलेली असते. दोष कधीं दाराच्या बटणांत, कधीं दमटपणानें गंजलेल्या जोडांत, तर कधीं पट्टीवरील एखाद्याच बारीक भागांत असतो. जाणता कारागीर याच क्रमानें तपासतो. पण नवी पट्टीच मिळत नसेल, तर त्याच्या ज्ञानाचा उपयोग काय? मग मेथीच्या दाण्याएवढ्या दिव्यापायीं उत्तम चालणारें सबंध यंत्र मोडींत निघतें.

यावर कोणी म्हणेल, ‘अंधारांतही दूध नासत नाहीं, मग दिव्याची एवढी चिंता कशाला?’ अंधार सोसतां येतो हें खरें. पण सोसणें निराळें आणि सोसावें लागणें निराळें. जी वस्तू उघडतां येत नाहीं व जिचा सुटा भाग मिळत नाहीं, ती पुरे पैसे मोजूनही अर्धीच आपली झाली. किल्ली स्वतःजवळ ठेवून घर विकण्यासारखाच हा व्यवहार. युरोपीय संघानें हें ओळखलें. तेथें मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार, त्या जातीचा शेवटचा फ्रिज बाजारांत आल्यापासून निदान ७ वर्षें त्याचे दिवे व सर्किटाच्या पट्ट्या दुरुस्ती करणाऱ्यांस मिळाल्या पाहिजेत. भारतांतही २०२२ सालीं ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली.

तथापि हक्काचें दुसरें अंग कर्तव्य हें आहे. भाग हातीं येऊनही ‘कोण एवढी खटपट करील, नवाच घेऊं,’ असें जो म्हणतो, त्यास कायदा काय देणार? करणारानें वस्तू उघडण्याजोगी करावी, आणि धन्यानें ती उघडण्याचे श्रम घ्यावे. यांपैकीं एकानें जरी आपलें काम टाळलें, तरी मालकी नांवापुरतीच उरते.