मुळांचा श्वास



आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटलीत मनीप्लांट आहे. माती नाही, नुसतं पाणी. एकदा गावाला जाताना मायेपोटी मी बाटली काठोकाठ भरली. परतले तेव्हा पानं पिवळी पडली होती, मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती आणि पाण्याला कुबट वास येत होता. भरल्या पाण्यात रोप गुदमरलं होतं.

मुळंही श्वास घेतात. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू हळूहळू संपतो. पाणी कोमट झालं की आणखी लवकर. म्हणून आता मुळांचा वरचा साधारण तिसरा हिस्सा मी पाण्याबाहेर ठेवते. दर आठवड्याला पाणी बदलते, मुळं हलक्या हातानं धुते, कुजलेली तेवढी कापून टाकते. बाटलीला जाड कागद गुंडाळते, कारण उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं. नुसत्या पाण्यात पोषण अपुरं, म्हणून महिन्यातून एकदा द्रवरूप खत, तेही खूप पातळ करून. काही आठवड्यांत पांढरीशुभ्र नवी मुळं फुटली!

१८६०च्या सुमारास यूलिउस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञानं क्षार विरघळवलेल्या पाण्यात, मातीशिवाय रोपं वाढवून दाखवली. रोपाला माती नसली तरी चालते. हवा मात्र हवीच.

माणसांचंही असंच असतं. लेकराला, जोडीदाराला, म्हाताऱ्या आईवडिलांना आपण मायेनं काठोकाठ भरू पाहतो. त्यांच्या मुळांनाही थोडी मोकळी जागा हवी असते. आज माया करताना बाटली थोडी रिकामी ठेवूया. तिथूनच श्वास आत येतो.