त्यात कोणाचे काय बिघडले?

(शास्त्रपाठ : उत्पत्ती १:२०-२८, अनुवाद २२:६-७, १ करिंथ १०:२३-२४)

आमच्या मंडळीच्या तरुण संघात एका शनिवारी मी एक साधी हकिकत सांगितली आणि तिच्यावरून तासभर वाद झाला. शेवटी एका तरुणाने मला सरळच विचारले, "काका, माशाला पाव घातला, त्यात पाप ते कोणते? त्यात कोणाचे काय बिघडले?" त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र मनातून जाईना. सुट्टीचे दिवस जवळ आले आहेत, वाचकांपैकी अनेक कुटुंबे गोव्याला किंवा कोकणात जातील, म्हणून जे उत्तर मला नंतर सुचले ते येथे मांडत आहे.

हकिकत अशी. गेल्या नाताळच्या सुट्टीत बेळगावहून आम्ही दोन कुटुंबे आंबोली घाट उतरून मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात बुडालेले खडक आहेत. तेथे पाणी उथळ आहे आणि त्या खडकांवर प्रवाळ वाढते. एका लहान बोटीत आम्ही आठजण बसलो. तोंडावर काचेचा मास्क, तोंडात हवेची नळी आणि अंगात लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथे तरंगायचे आणि खालचे जग पाहायचे, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. पोहता न येणाऱ्यालाही ते जमते. माझ्यासारख्या घाटावरच्या, विहिरीतही न उतरलेल्या माणसाला आधी भीती वाटली. पण पाण्यात तोंड घातले आणि भीती विसरलो.

उघड्या डोळ्यांना पाण्याखाली सारे धूसर दिसते. आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडवलेला आहे. पाणी त्याला भिडले की प्रकाश नीट एकवटत नाही. मास्कच्या काचेमागे हवेची थोडी पोकळी राहते, म्हणून सारे स्वच्छ दिसू लागते. फक्त एक फरक पडतो : वस्तू आहे त्यापेक्षा मोठी आणि जवळ दिसते. म्हणून नवखा माणूस सारखा हात पुढे करतो आणि हाताला काही लागत नाही. मीही तसेच केले.

पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे थव्याने फिरत होते. आमच्याबरोबरच्या गाईडने पिशवीतून पाव काढून माझ्या हातात दिला. क्षणात पन्नासेक मासे माझ्या बोटांभोवती झोंबू लागले. गाईडने पाण्याखालच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. नंतर माझ्या मास्कमध्ये पाणी शिरले, मी घाबरून पाय खाली सोडले आणि खडकावर उभा राहिलो. पायाखाली काहीतरी कुरकुरून मोडले. "साहेब, उभे राहू नका!" असे गाईड ओरडला, पण तोवर जे मोडायचे ते मोडून गेले होते. बोटीत परत आल्यावर सगळे आनंदात होते. मीही होतो. फोटो मंडळीत दाखवायचा, असे मी मनाशी ठरवूनही टाकले.

माझा आनंद उतरला तो संध्याकाळी. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या गृहस्थांकडून प्रवाळाची माहिती कळली. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. राईच्या दाण्याएवढे असंख्य जीव एकत्र राहून चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि आपल्या यजमानाला देते. समुद्राचे पाणी बेताबाहेर तापले की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा जगातील समुद्रांत हे घडले आहे. प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षाला बोटाच्या पेराएवढ्याही वाढत नाहीत. माझ्या टाचेने एका क्षणात जे मोडले, ते घडायला कितीतरी वर्षे लागली असतील. आणि पाव? तो माशाचे अन्न नव्हे. त्यांतले पुष्कळ मासे खडकावरचे शेवाळ खातात आणि त्यामुळे प्रवाळाला वाढायला जागा मोकळी राहते. पावाने पोट भरलेला मासा आपले काम सोडून होडीमागे धावतो. मालवणचा हा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, हेही मला तेव्हाच कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर तो बोटवाला भेटला. मी त्याला जरा उपदेशाच्याच सुरात विचारले, "तुम्ही हे पाव का देता?" तो हसला आणि म्हणाला, "साहेब, आम्हाला काय पाव टाकायची हौस आहे? गिऱ्हाईक मागते. मासे जवळ आले नाहीत, फोटो आला नाही, तर लोक म्हणतात पैसे फुकट गेले. मग ते शेजारच्या बोटीत बसतात."

मी गप्प झालो. कारण मी मनात अगदी उलट म्हणत होतो : आम्हाला काय ठाऊक? यांनी हातात दिला म्हणून आम्ही टाकला.

वाचकहो, हे संभाषण आपण कोठेतरी वाचले आहे. एदेन बागेत देवाने आदामाला विचारले तेव्हा त्याने स्त्रीकडे बोट दाखवले, स्त्रीने सर्पाकडे दाखवले. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील ही उत्तरे खोटी नव्हती. स्त्रीने फळ दिले होते, हे खरेच होते. बोटवाल्याचे म्हणणे खरे होते आणि माझेही खरे होते. तरी दोन खऱ्या उत्तरांच्या मध्ये प्रवाळ मोडून पडले होते आणि त्याचा धनी कोणीच नव्हता. माझ्या मते, "त्यात कोणाचे काय बिघडले?" या प्रश्नाची खरी अडचण येथे आहे. काही बिघडलेच नाही, असे क्वचित असते. बिघडलेले कोणाच्या नावावर लिहावे हे ठरत नाही, म्हणून आपण ते लिहीतच नाही.

कोणी म्हणेल, एका माणसाच्या एका तुकड्याने समुद्र बिघडत नाही. बरोबर आहे. पण मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना याचे उत्तर तेथेच मिळेल. लांबच लांब जाळे समुद्रात टाकून त्याचे दोर दोन्ही बाजूंनी माणसे ओढतात. एकट्याच्या जोराने ते जाळे हलणार नाही. तरी मासळीची वाटणी होते तेव्हा, "तुझ्या एकट्याच्या ओढण्याने काय झाले?" असे कोणी कोणाला म्हणत नाही. दोराला हात लावला, त्याला वाटा मिळतो. लाभाच्या बाबतीत हा न्याय आपल्याला पटतो. हानीच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, माझा हात असून नसल्यासारखा होता. हे दोन हिशेब देवापुढे एकाच वहीत लिहिलेले असणार.

दुसरा आक्षेप आमच्या तरुण संघातच आला, आणि तो शास्त्राधारे आला : देवाने मनुष्याला समुद्रातील माशांवर सत्ता दिली आहे, उत्पत्ती १:२८ मध्ये ते स्पष्ट आहे. होय, स्पष्ट आहे. पण सहा वचने मागे जाऊन बाविसावे वचन वाचावे. मनुष्य निर्माण होण्याच्या आदल्या दिवशीच देवाने जलचरांना आशीर्वाद देऊन टाकला होता : त्यांनी वाढावे आणि समुद्र भरून टाकावा. तो आशीर्वाद आपल्या हातून त्यांना मिळालेला नाही. आपण आलो तेव्हा तो आधीच दिलेला होता. दुसऱ्याला मिळालेला आशीर्वाद मोडून आपली सत्ता चालवावी, असा अर्थ त्या वचनातून कोणत्याही प्रामाणिक कारभाऱ्याने काढू नये. स्तोत्र १०४ मध्ये तर समुद्रातील महाकाय प्राणी तेथे खेळण्यासाठी निर्माण केला, असे म्हटले आहे. आपल्या उपयोगाचा उल्लेखही तेथे नाही.

म्हणून काय, सहल करूच नये? तसे मी म्हणत नाही, आणि शास्त्रही म्हणत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात वाटसरूसाठी एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले, पिले किंवा अंडी आहेत आणि आई वर बसली आहे, तर पिले घ्यावीत, पण आईला जाऊ द्यावे. हे घरटे शोधायला निघालेला माणूस नव्हे. सहज जाता जाता त्याला ते दिसले आहे. तेथे दुसरे कोणी पाहत नाही. तरी नियमशास्त्र तेथवर येते आणि म्हणते, थोडे घे, पण पुढे घरटे होईल असे ठेव. आणि या एवढ्याशा आज्ञेला वचन जोडले आहे ते कल्याणाचे व दीर्घायुष्याचे, जे आईबापांचा मान राखणाऱ्याला दिले आहे. सुट्टीवर गेलेला मनुष्य हाच तो वाटसरू. घरी आपण नीट वागतो, कारण तेथे शेजारी आहेत, मंडळी आहे. परक्या गावात, परक्या समुद्रात, जेथे आपण पुन्हा जाणार नाही, तेथे आपले वागणे कसे असते, यावरून आपले खरे मोल कळते.

राहिला प्रश्न बोटवाल्याचा. हा प्रश्न मला सर्वात कठीण वाटला. मी घरी बसून लेख लिहिला की माझे मन हलके होते. पण गिऱ्हाईक गेले तर चूल त्याची विझते. आपल्या विवेकाचा खर्च गरिबाच्या खिशातून करणे ही धार्मिकता नव्हे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई योहानाकडे येऊन, आम्ही काय करावे, असे विचारतात. योहान त्यांना धंदा सोडायला सांगत नाही. त्याच धंद्यात राहून अन्याय करू नका, असे सांगतो. मग मला वाटले, एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या दोघांपैकी आधी कोणी थांबावे? ज्याला थांबायला कमी खर्च येतो त्याने. बोटवाल्याने पाव बंद केला तर त्याचे गिऱ्हाईक जाण्याची भीती आहे. मी पाव नको म्हटले तर माझा फक्त एक फोटो जातो. म्हणजे पहिले पाऊल माझे. पौलानेही करिंथकरांना हेच शिकवले : मोकळीक आहे म्हणून सर्व करावे असे नाही, दुसऱ्याचे हित पाहावे.

त्याच दिवशी दुपारी आमच्याबरोबरचे दुसरे कुटुंब पाण्यात जाणार होते. बोटीत चढण्यापूर्वी मी त्या बोटवाल्याला सांगितले, "भाडे ठरल्याप्रमाणे पूर्ण देऊ. पाव नको. आणि कोणी उभे राहू लागले तर लाज न धरता ओरडा." त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले आणि पावाची पिशवी फळीखाली सरकवली. "बरे झाले," एवढेच तो म्हणाला. मीही पुन्हा त्यांच्याबरोबर उतरलो. मासे हाताशी आले नाहीत. माझा भाचा हिरमुसला. त्याच्या फोटोत पाणीच पाणी आले. पण दहा मिनिटे हातपाय न हलवता तरंगत राहिल्यावर एक मोठा हिरवट मासा खडकाजवळ आला आणि तोंडाने खडक खरवडू लागला. त्या खरवडण्याचा आवाज मला पाण्यात ऐकू आला. तो आमच्यासाठी काही करत नव्हता. देवाने ज्या कामावर त्याला ठेवले होते ते तो करत होता, आणि मला ते पाहू दिले गेले, एवढेच.

हवाई बेटांवर हनौमा नावाचा एक प्रसिद्ध उपसागर आहे. तेथे माशांना खाऊ घालण्यास बंदी आहे आणि आठवड्यातून दोन दिवस तो पाहुण्यांसाठी बंद असतो. तरीही इतर दिवशी दूरदूरचे लोक तेथे जातात. पाव बंद झाला म्हणून पाहुणे बंद झाले नाहीत. मालवणला किंवा गोव्यालाही होणार नाहीत, अशी मला आशा आहे; पण त्यासाठी पाहुण्यांनी आधी मागणे सोडले पाहिजे.

त्या तरुणाला आता माझे उत्तर असे आहे. बाळा, काय बिघडले हे मी तुला सांगितले. कोणाचे बिघडले, तर त्या जीवांचे, ज्यांना आपल्या आधी आशीर्वाद मिळाला. आणि त्या बोटवाल्याच्या मुलांचे, ज्यांना पुढे याच समुद्रावर पोट भरायचे आहे. कोणी बिघडवले, याचे उत्तर मात्र तुला दुसऱ्याकडे बोट न दाखवता द्यावे लागेल. माझ्यापुरते मी ते दिले आहे. तो पावाचा फोटो मी मंडळीत दाखवला, पण कौतुकासाठी नाही.

या सुट्टीत आपण जेथे जाल तेथे आनंदाने जा. बोटीत बसण्यापूर्वी दोन शब्द बोला, पाय वर ठेवा, हात आवरा आणि डोळे भरून पाहा. ज्या प्रभूने कोळ्यांच्या होडीत बसून लोकांना शिकवले, तो आपल्याही होडीत असो.